पटावरचे मूल वाचते कसे करावे: विकसनशील देशांतील शाळांचा दर्जा सुधारण्याची रीत

विकसनशील देशांतील शिक्षणाची चर्चा दीर्घकाळ एकाच आकड्याभोवती फिरत राहिली, आणि तो आकडा म्हणजे शाळेच्या पटावरील मुलांची संख्या. बहुतेक देशांत ती वाढली. त्यासाठी शाळाखोल्या बांधल्या गेल्या, शिक्षक नेमले गेले, शुल्क माफ झाले, आणि या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र पटावर नाव असणे आणि वाचता येणे या दोन गोष्टींमध्ये किती अंतर आहे, हे मोजायला सुरुवात झाल्यावर चित्र पालटले. जागतिक बँकेने २०१९ साली मांडलेल्या अंदाजानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील १० वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५३ टक्के मुलांना साधा, लहानसा मजकूर वाचून समजत नव्हता, आणि करोनाकाळातील शाळाबंदीनंतर २०२२ साली हाच अंदाज ७० टक्क्यांवर गेला. केनिया, टांझानिया आणि युगांडा येथे तिसरीतील मुलांपुढे ‘कुत्र्याचे नाव पपी आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी किंवा स्वाहिली वाक्य ठेवले, तेव्हा चारांपैकी तिघांना ते उमगले नाही. ग्रामीण भारतात ४६ मधून १७ वजा करणे तिसरीच्या जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांना जमत नव्हते, आणि पाचवीत पोचल्यावरही निम्मी मुले तिथेच अडलेली होती.

पुढील विवेचन एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक, वीस-पंचवीस शाळांचे पर्यवेक्षक, जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी किंवा सरकारी शाळांबरोबर काम करणारी संस्था यांच्यासाठी आहे. नवी इमारत किंवा नवा अभ्यासक्रम यांची वाट पाहावी लागेल असे त्यात फारसे काही नाही. एक आग्रह मात्र सुरुवातीलाच सांगितलेला बरा. मुलाला आज काय येते हे पाहिल्याशिवाय त्याच्यासाठी काहीही विकत घेऊ नये, शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवू नये आणि कोणतीही योजना आखू नये.

आधी प्रत्येक मुलाशेजारी बसावे

पहिले काम चाचणीचे आहे, आणि ती तोंडी असावी. ज्या मुलाला वाचता येत नाही ते लेखी प्रश्नपत्रिका कोरी ठेवते किंवा शेजाऱ्याची उतरवून काढते, आणि दोन्ही प्रसंगी तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मूल अक्षरावर अडले, शब्दावर अडले की अर्थावर, हे कोऱ्या कागदावरून कळत नाही. त्यामुळे एकेका मुलाला जवळ बसवून पाच ते दहा मिनिटांत ही तपासणी करावी. भारतात २००५ पासून ‘असर’ या सर्वेक्षणात आणि पूर्व आफ्रिकेत २००९ पासून ‘उवेझो’ या उपक्रमात ज्या प्रकारचे साधन वापरले गेले, ते एका कागदावर मावते आणि कोणत्याही भाषेत तयार करता येते. कागदावर काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची थोडी मोठी गोष्ट असावी. मुलाला प्रथम परिच्छेद द्यावा. तो सहज वाचला तर गोष्ट द्यावी, अडखळत राहिले तर शब्द, आणि शब्दही जमले नाहीत तर अक्षरे. गोष्ट वाचून झाल्यावर तिच्यावर दोन साधे प्रश्न विचारावेत, कारण घडाघडा वाचूनही अर्थ न लागलेली मुले बरीच निघतात. गणितासाठी एक अंकी संख्या ओळखणे, दोन अंकी संख्या ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, एवढ्या चार पायऱ्या पुरतात.

चाचणी शक्यतो त्या वर्गाच्या शिक्षकानेच घ्यावी. बाहेरून आलेल्या पथकाने घेतलेली चाचणी अधिक तटस्थ असते हे खरे, परंतु आपल्याच वर्गातील पाचवीचा मुलगा ‘घर’ हा शब्द लावू शकत नाही हे शिक्षकाने स्वतःच्या कानांनी ऐकले, तर त्यानंतरचे त्याचे शिकवणे बदलण्याची शक्यता अहवाल वाचण्यापेक्षा कितीतरी जास्त असते. चाचणी चालू असताना इतर मुलांचा घोळका भोवती नसावा, चुकलेले लगेच सुधारू नये, आणि मुलाला घाबरवणारा एकही शब्द उच्चारला जाऊ नये. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांना पुढच्या दिवसांत गाठून तपासावे. गैरहजर राहणारी मुले बहुधा मागे पडलेली असतात आणि त्यांना वगळले की निकाल उगाचच चांगला दिसतो. नोंद एकाच पानावर ठेवावी. मुलाचे नाव, वाचनाची पातळी, गणिताची पातळी आणि तारीख, यापलीकडे रकाने वाढवण्याचा मोह टाळावा.

निकाल हाती आल्यावर पहिली प्रतिक्रिया बहुधा दोषी शोधण्याची असते. चौथीचे शिक्षक तिसरीच्या शिक्षकांकडे बोट दाखवतात, तिसरीचे दुसरीच्या, आणि शेवटी सगळे मिळून पालकांकडे. ही वेळ निकाल कपाटात बंद करण्याची नव्हे, तशीच तो फलकावर लावण्याचीही नव्हे. अधिकाऱ्याने या पहिल्या चाचणीवरून कोणाचीही वेतनवाढ रोखली जाणार नाही हे लेखी कळवावे आणि ते पाळावे. तसे केले नाही, तर दुसऱ्या चाचणीत सगळी मुले गोष्ट वाचू लागलेली आढळतील, फक्त कागदावर.

दिवसातला एक तास इयत्ता विसरून

चाचणीच्या पानावर नजर टाकली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. चौथीच्या एकाच वर्गात अक्षरे न ओळखणारे मूल, शब्द वाचणारे मूल आणि गोष्ट वाचणारे मूल शेजारी शेजारी बसलेले असते, आणि फळ्यावर चाललेला चौथीचा पाठ त्यांपैकी फक्त तिसऱ्याच्या कामाचा असतो. अभ्यासक्रम वर्गातील वरच्या काही मुलांच्या गतीने धावतो, शिक्षकाला तो मार्चअखेर किंवा त्या त्या देशातील वर्षाखेर संपवायचा असतो, आणि एकदा मागे पडलेले मूल दरवर्षी आणखी मागे पडत जाते. १९९० च्या दशकात केनियाच्या पश्चिम भागात काही शाळांना पाठ्यपुस्तके पुरवून त्यांची इतर शाळांशी तुलना केली गेली, तेव्हा सरासरी मुलाच्या गुणांवर काहीच परिणाम दिसला नाही. लाभ झाला तो आधीपासून पुढे असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती, इंग्रजी ही तेथील बऱ्याच मुलांची तिसरी भाषा होती, आणि जे वाचताच येत नाही ते पुस्तक दिल्याने वाचता येत नाही.

यावरचा उपाय साधा आहे, आणि त्याची जितक्या काळजीपूर्वक पारख झाली आहे तितकी शिक्षणातील फार थोड्या उपायांची झाली असेल. दिवसातला एक ते दोन तासांचा ठरावीक काळ राखून ठेवावा आणि त्या काळात तिसरी ते पाचवीच्या मुलांना इयत्तेनुसार न बसवता चाचणीत आढळलेल्या पातळीनुसार बसवावे. भारतातील ‘प्रथम’ या संस्थेने ही पद्धत घडवली. वडोदरा आणि मुंबई येथे २००१ ते २००३ या काळात मागे पडलेल्या मुलांना गावातल्याच किंवा वस्तीतल्याच तरुण मुलींनी वेगळे शिकवले, तेव्हा त्यांच्या गुणांत ठळक वाढ आढळली. अशा प्रयोगांची कसोशीने तुलना करण्याच्या पद्धतीसाठी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. केनियातील १२१ शाळांच्या अभ्यासात पहिलीची मुले आधीच्या पातळीनुसार दोन तुकड्यांत विभागली, तेव्हा पुढच्या तुकडीबरोबरच मागच्या तुकडीचाही फायदा झाला, कारण दोन्हीकडे शिक्षकाला समोरच्या मुलांना झेपेल असे शिकवता आले.

प्रत्यक्षात हे करताना पुढील तपशील पाळावेत. अक्षरे आणि शब्द या पातळीची मुले एका गटात, परिच्छेद आणि गोष्ट या पातळीची दुसऱ्या गटात, अशी विभागणी लहान शाळेत पुरेशी होते. शिक्षक तीन असतील तर तिसरा गट करावा. पहिल्या गटात अक्षर-तक्ता, सोपे परिच्छेद शिक्षकाने बोट ठेवून मोठ्याने वाचणे, मग मुलांनी एकत्र आणि नंतर एकेकट्याने वाचणे, शब्दांचे खेळ आणि वाचलेल्यावर गप्पा, असा क्रम रोज तोच राहिला तरी चालतो. मुलांना क्रम ओळखीचा झाला की वेळ वाया जात नाही. लिहिणे पहिल्या दिवसापासून असावे, चुका झाल्या तरी. गणिताच्या गटात दहा-दहा काड्यांचे जुडगे आणि सुट्या काड्या यांवर दशक-एकक पक्के होईपर्यंत हातच्याच्या वजाबाकीकडे जाऊ नये. दर महिन्याला तीच छोटी चाचणी पुन्हा घ्यावी आणि मुलांना पुढच्या गटात हलवावे. हे हलवणे थांबले की गट कायमचे होतात, आणि कायमचा झालेला खालचा गट म्हणजे शाळेने अधिकृतपणे ठरवलेली ‘ढ’ मुलांची तुकडी. गटांना क्रमांक देऊ नयेत, आणि सर्वांत मागच्या गटाला शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षक द्यावा. हा दुसरा नियम सांगायला सोपा आणि पाळायला फार अवघड आहे, कारण अनुभवी शिक्षकांना वरचे वर्ग देणे हा जगभरच्या शाळांचा अलिखित रिवाज आहे.

नुसते प्रशिक्षण देऊन आणि साहित्य वाटून हे होत नाही, याचाही पुरावा आहे. उत्तराखंडमध्ये सरकारी शिक्षकांना हीच पद्धत शिकवली गेली, साहित्य दिले गेले, आणि मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. शिक्षकांनी साहित्य नेहमीच्या पाठात मिसळून टाकले आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे ओझे तसेच राहिले. हरियाणात मात्र त्यासाठी वेळापत्रकातच स्वतंत्र तास राखला गेला, मुलांना इयत्ता ओलांडून गटांत बसवले गेले, पर्यवेक्षकांनी आधी स्वतः काही दिवस वर्गात ही पद्धत शिकवून पाहिली आणि मग ते शिक्षकांच्या मदतीला गेले, आणि तेथे वाचन सुधारले. तेव्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी करायची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एक आदेश काढणे: या तासात पाठ्यपुस्तकातील किती पाठ झाले हे कोणीही विचारणार नाही. पर्यवेक्षकाने शाळेत गेल्यावर पाठटाचण मागण्याऐवजी तीन मुलांना जवळ बोलावून वाचून घ्यावे.

पहिली-दुसरीत मागे पडूच नये म्हणून

वरचा उपाय मागे राहिलेल्यांना पुढे आणण्याचा आहे. मुळात मागे पडणे कमी करायचे असेल तर पहिल्या दोन इयत्तांकडे लक्ष द्यावे लागते, आणि तेथे शिक्षकाच्या हाती रोजच्या पाठाची तपशीलवार आखणी देण्याचा मार्ग सर्वाधिक उपयोगी ठरला आहे. केनियाने २०१५ पासून ‘टुसोमे’ या कार्यक्रमात देशभर हेच केले: प्रत्येक मुलाला स्वतःचे पुस्तक, शिक्षकाला त्या पुस्तकाशी पानागणिक जुळणारी मार्गदर्शिका, आणि वर्गात येऊन पाठ पाहणारे व टॅबलेटवर नोंद करून लगेच सल्ला देणारे अधिकारी. अशा बांधीव आखणीमुळे शिक्षकाचे स्वातंत्र्य जाते, असा आक्षेप घेतला जातो. अत्यंत कुशल शिक्षकाच्या बाबतीत तो रास्त आहे. परंतु पहिल्यांदाच साठ मुलांपुढे उभ्या राहणाऱ्या, स्वतः जेमतेम प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाला उद्या सकाळी काय करायचे हे स्वच्छ लिहून देणे ही त्याला केलेली मदत आहे. मार्गदर्शिका मात्र अति जाड असू नये. शब्दन् शब्द वाचून दाखवावा अशा संहितेपेक्षा पाठाचे टप्पे, प्रश्न आणि उदाहरणे देणारे एक पान जास्त वापरले जाते.

भाषेचा प्रश्न येथेच सोडवावा लागतो. युनेस्कोच्या २०१६ सालच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ४० टक्के लोकांना ज्या भाषेत शिक्षण उपलब्ध आहे ती भाषा त्यांना बोलता किंवा समजता येत नाही. अक्षर ओळखणे म्हणजे ओळखीच्या ध्वनीला चिन्ह जोडणे. ध्वनी आणि शब्दच अनोळखी असतील तर मूल चिन्हे पाठ करते आणि अर्थ सुटून जातो. म्हणून पहिली काही वर्षे घरच्या भाषेत वाचायला शिकवावे आणि दुसरी भाषा आधी तोंडी आणावी. पालकांचा याला अनेकदा विरोध असतो, कारण नोकरीची भाषा दुसरीच असते, आणि तो विरोध अडाणीपणाचा नाही. दुसरी भाषा काढून टाकलेली नाही, ती कोणत्या इयत्तेत कशी येणार आहे, हे त्यांना आधीच सांगितले तर बहुतेक वाद मिटतात. एकाच वर्गात चार घरभाषा असतील तर गोष्ट अवघड होते. तेथे निदान त्या भाषा समजणारा सहायक वर्गात असावा.

शिक्षकाची हजेरी आणि वेतन

बांगलादेश, इक्वेडोर, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा या सहा देशांत पूर्वसूचना न देता शाळांना भेटी देऊन केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी १९ टक्के प्राथमिक शिक्षक शाळेत नव्हते. पेरूत हे प्रमाण ११ टक्के, भारतात २५ आणि युगांडात २७ टक्के होते. ही आकडेवारी वाचली की शिस्तीचा बडगा उगारावासा वाटतो. त्याआधी गैरहजेरीची कारणे शाळावार लिहून काढावीत. प्रशासकीय कामे, बैठका, निवडणूक, जनगणना, वेतन आणण्यासाठी दूरच्या गावी जाणे, तुटलेला रस्ता आणि निव्वळ कामचुकारपणा, असे सगळे त्या यादीत निघते, आणि त्यातले बरेचसे वरिष्ठ कार्यालयानेच निर्माण केलेले असते. आठवड्यातले तीन दिवस बैठकीचे निमंत्रण पाठवू नये असे ठरवणे अधिकाऱ्यांच्या हातात आहे आणि त्याला खर्च शून्य येतो.

उदयपूर जिल्ह्यात एका स्वयंसेवी संस्थेच्या एकशिक्षकी केंद्रांत शिक्षकांना कॅमेरा देऊन रोज सुरुवातीला व शेवटी मुलांसह छायाचित्र काढायला सांगितले आणि मानधन हजर दिवसांवर ठरवले, तेव्हा गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली आणि मुलांचे गुणही वाढले. हा दाखला वारंवार दिला जातो, पण त्यातील अट विसरली जाते: तेथे दिवस भरले नाहीत तर पैसे खरोखरच कमी मिळत. त्याच जिल्ह्यात सरकारी परिचारिकांसाठी हजेरी-यंत्राची तशीच योजना सुरुवातीला चालली आणि पुढे यंत्रणेनेच ‘सवलतीचे दिवस’ मंजूर करत नेल्याने कोसळली. परिणाम होणार नसेल तर यंत्र बसवू नये.

सरसकट वेतनवाढीविषयीही भ्रम नसावा. इंडोनेशियाने २००५ च्या कायद्यानंतर प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकांचे मूळ वेतन दुप्पट केले. शिक्षक अधिक समाधानी झाले, त्यांची जोडधंद्याची गरज कमी झाली, आणि मुलांच्या शिकण्यात फरक आढळला नाही. शिक्षकाला सन्मानाने जगता येईल इतके वेतन वेळेवर मिळणे हा त्याचा हक्क आहे आणि त्यासाठी गुणांचे समर्थन लागू नये. तो शिकण्याचा दर्जा वाढवण्याचा उपाय म्हणून मात्र मांडू नये.

पैसा आणि वस्तू

शाळेसाठी निघालेला पैसा शाळेत पोचतो का, हे आधी पाहावे. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात शाळांना विद्यार्थ्यांमागे मिळायच्या अनुदानापैकी सरासरी १३ टक्केच रक्कम प्रत्यक्ष शाळेपर्यंत पोचत होती. सरकारने प्रत्येक जिल्ह्याला किती रक्कम पाठवली हे वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांच्या भिंतीवर लावायला सुरुवात झाल्यानंतर गळती मोठ्या प्रमाणात थांबली. मुख्याध्यापकांनी मिळालेली रक्कम आणि तारीख दारावर लिहिणे, हा नियम आजच लागू करता येतो.

वस्तूंच्या बाबतीत दोनच दाखले पुरेत. सिएरा लिओनमध्ये शाळांना पाठ्यपुस्तके दिली गेली आणि बहुतेक शाळांनी ती मुलांना न देता कपाटात जपून ठेवली, कारण पुढच्या वर्षी पुस्तके येतील याची खात्री कोणालाच नव्हती. पेरूने ग्रामीण मुलांना लॅपटॉप वाटले, आणि भाषा व गणित यांच्या गुणांत फरक पडला नाही. वस्तू निरुपयोगी असतात असा याचा अर्थ काढू नये. ती कोण, कोणत्या तासाला, कोणत्या मुलासाठी वापरणार हे तीन प्रश्न खरेदीच्या कागदावर लिहिलेले नसतील, तर खरेदी लांबणीवर टाकावी. पुस्तके आलीच तर ती मुलांच्या हाती द्यावीत आणि काही फाटतील हे धरूनच चालावे. फाटलेले पुस्तक निदान उघडले गेलेले असते.

पालकांकडून काय अपेक्षावे

पालक सभा भरवून ‘शाळेवर लक्ष ठेवा’ असे सांगण्याने थोडेच साधते. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावकऱ्यांना त्यांच्या शिक्षण समितीच्या अधिकारांची माहिती दिली गेली, मुलांची चाचणी घेण्याचे साधन दिले गेले, तरी सरकारी शाळेत काहीच बदलले नाही. बदल झाला तो गावातील स्वयंसेवकांना वाचनवर्ग घेण्याचे प्रशिक्षण दिले तिथे, आणि त्या वर्गांना आलेल्या मुलांत. पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात ११२ खेड्यांच्या अभ्यासात मात्र, निम्म्या खेड्यांतील पालकांना मुलाचे आणि गावातील सर्व शाळांचे गुण दाखवणारे पत्रक दिल्यावर गुण वाढले व खासगी शाळांचे शुल्क घटले. तेथे पालकांपुढे दुसरी शाळा निवडण्याचा पर्याय होता, हा फरक महत्त्वाचा आहे. पालकाला माहिती द्यायची तर तिच्या आधारे तो उद्या काय करू शकेल हेही त्याच माहितीत असावे. बोत्सवानात शाळाबंदीच्या काळात आठवड्याला एक लघुसंदेश आणि एक लहानसा फोन एवढ्यावर, पालकांना सोबत घेऊन, मुलांचे गणित सुधारता आले. त्यातही प्रश्न मुलाच्या पातळीचे असणे कामी आले.

एका शाळेवरून शंभर शाळांवर जाताना

चांगल्या प्रयोगाचे सरकारी योजनेत रूपांतर होताना त्याचा आत्मा हरवतो, ही तक्रार खोटी नाही. केनियात कंत्राटी शिक्षकांचा उपक्रम स्वयंसेवी संस्थेने चालवला तेथे मुलांचे गुण वाढले, आणि तोच उपक्रम सरकारी यंत्रणेने चालवला तेथे काहीच घडले नाही. म्हणून सुरुवात करतानाच जी माणसे पुढे सर्वत्र हे काम करणार आहेत त्यांच्याकडूनच पहिल्या काही शाळांतही ते करून घ्यावे. बाहेरून आणलेल्या उत्साही तरुणांनी यशस्वी केलेला नमुना पुढे पर्यवेक्षकाच्या गळ्यात बांधला, तर तो त्याला ओझेच वाटणार.

यंत्रणा म्हणून हे कसे बसवता येते याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्राझीलच्या सेआरा राज्यातील सोब्राल हे शहर आहे. या गरीब भागातील शहराने सन २००० च्या सुमारास आपल्या मुलांचे वाचन तोंडी तपासले आणि जवळजवळ निम्मी मुले वाचू शकत नाहीत असे आढळले. महापालिकेने मुख्याध्यापकांची राजकीय शिफारशीने होणारी नेमणूक बंद करून ते परीक्षेने निवडायला सुरुवात केली, पहिल्या इयत्तांत वाचन हेच प्रमुख लक्ष्य ठरवले, शिक्षकांना त्यासाठीच साहित्य व नियमित प्रशिक्षण दिले, आणि शाळेबाहेरच्या लोकांकडून मुलांचे वाचन ठरावीक काळाने ऐकून घेतले. पुढे २०१७ साली देशाच्या शिक्षण-गुणवत्ता निर्देशांकात प्राथमिक इयत्तांसाठी सोब्राल सर्व नगरपालिकांत पहिले होते. सेआरा राज्याने २००७ मध्ये कायदा करून नगरपालिकांना मिळणाऱ्या विक्रीकराच्या वाट्यातील काही भाग शिक्षणातील निकालांशी जोडला, त्यामुळे मुलांचे वाचन हा महापौरांच्याही काळजीचा विषय झाला. त्या सुधारणेला जवळजवळ दोन दशके लागली, आणि मधल्या काळात सत्तेवरील माणसे बदलूनही लक्ष्य बदलले नाही.

पैसा किंवा बढती निकालाशी जोडली की निकाल फुगवण्याचा मोह वाढतो, हे धरूनच व्यवस्था करावी. पर्यवेक्षकाने दर महिन्याला प्रत्येक शाळेतील पाच मुले चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि त्यांची चाचणी स्वतः पुन्हा घ्यावी. शिक्षकाची नोंद आणि ही नोंद यांत तफावत निघाली तर पहिल्या वेळी दोघांनी त्याच मुलासमोर एकत्र बसून, गोष्ट वाचणे म्हणजे नेमके काय धरायचे, यावर एकमत करावे. बऱ्याचदा तफावत लबाडीची नसून निकषांच्या ढिलाईची असते. दुसऱ्यांदा तशीच निघाली, तर त्या शाळेतील सर्व मुलांची चाचणी शेजारच्या शाळेच्या शिक्षकांकडून घ्यावी आणि त्या बदल्यात त्यांच्या शाळेची चाचणी या शाळेच्या शिक्षकांनी घ्यावी.